तळखारचे डोहाळे

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी परसातल्या केळीशी वाकून ओकत होते आणि माझी सासू ठमाबाय मागे उभी राहून आनंदानं टाळ्या वाजवत होती.

"दिस गेलं गो! सुनंला दिस गेलं!"

तोंड पुसत मी मान वर केली. "आय, अवो परवाच तर लगीन झालं."

"मंग? परवा झालं, आज उलटी झाली. बरोबर हाय."

मला नुसती भोवळ यायची बाकी होती. माझं माहेर पेणच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. तिथं नव्या नवरीबद्दल तिसऱ्या दिवशी असं कुणी बोललं असतं तर दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली असती. इथं मात्र माझ्या सासूनं साखरेचा डबा उचलला आणि ती दारोदार वाटायला निघाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. थोड्या वेळानं आळीतल्या बायका आल्या, पण कुणाची भुवई वर नव्हती. कुणाच्या हातात चिंच, कुणाच्या हातात कैऱ्या. शेजारच्या यमुनानं तर मीठ-मसाला लावलेल्या आवळ्यांची बरणीच आणली होती.

"आमच्या तळखारात सगल्यांना असंच होते," यमुना माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "सून उंबऱ्यात आली का आठवड्याच्या आत वकते. मातीचा गुन हाय."

आणि ते खरंच होतं. तळखारात लग्न होऊन आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या आठवड्यात ओकायची. गावाला त्याचा केवढा अभिमान! एका घरातली सून महिना झाला तरी ओकली नाही, तेव्हा तिला भगताकडे नेऊन अंगारा लावला होता. ती बिचारी अशाच दुसऱ्या एका गावातून आली होती, जिथं तळखारसारख्याच गॅसच्या विहिरी होत्या. पण हा धागा जोडायला लागतं डोकं, आणि तळखारात डोकी सकाळपासून ठणकत असायची.

"आय, इथं वास कसला येते?" मी त्या दिवशी दुपारी विचारलं.

"कसला?"

"अंडी कुजल्यावानी."

ठमाबाय माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "अंड्यांचं डोहालं लागलं वाटते!" आणि तिनं चार अंडी उकडून माझ्यासमोर ठेवली. समोर बसून खायला लावली. मी पुन्हा केळीकडे पळाले, आणि त्यानंतर तर माझ्या गरोदरपणाबद्दल गावात कुणाला तिळमात्र शंका उरली नाही.

तळखार खाडीच्या काठाला. एके काळी मिठागरं होती. माझ्या लग्नाच्या दहाबारा वर्षं आधी कंपनी आली, तिनं मिठागरात विहिरी खणल्या आणि त्यांतून गॅस काढायला सुरुवात केली. जो गॅस कामाचा नसायचा तो एका उंच नळीच्या टोकावर जाळायचे. त्या जाळाला गाव कंपनीची चूल म्हणायचं. ती चूल रात्रंदिवस पेटलेली. तिच्या उजेडात तळखारचे कोंबडे अवेळी आरवायचे, आणि लोक म्हणायचे, आमचा गाव लवकर उठतो.

कंपनी वाईट होती असं नाही म्हणायचं मला. कंपनी फार प्रेमळ होती. दर दिवाळीला घरोघरी उदबत्त्यांचा पुडा द्यायची. वर्षातून एकदा आरोग्य शिबिर भरवायची. शिबिराचे सर्वेसर्वा होते कंपनीचे जनसंपर्क अधिकारी टिळेकरसाहेब. पांढराशुभ्र सदरा, सोनेरी काडीचा चष्मा, तोंडात वेलदोडा, बोलणं तुपाळ. त्यांनी आणलेल्या डॉक्टरांचं पक्कं ठरलेलं होतं. डोळे चुरचुरतात म्हटलं की चष्मा. डोकं दुखतं म्हटलं की चष्मा. नाकातून रक्त येतं म्हटलं की डॉक्टर जरा विचार करायचे आणि चष्म्याबरोबर टॉनिकची बाटली द्यायचे. त्यामुळे तळखारात चौथीतल्या पोरांनाही चष्मे होते. शेजारच्या गावांत आम्हाला विद्वानांचं गाव समजायचे.

माझा नवरा मोरेश्वर कंपनीत कंत्राटी मदतनीस होता. माणूस देवासारखा, म्हणजे चांगला आणि न बोलणारा. एका रात्री मी त्याला वासाचं सांगितलं.

"नाय येत वास," तो म्हणाला. "यंत्र हाय आमच्याकडं. वास आला का काटा फिरते. आजवर शून्यावरनं हलला नाय."

"कुठं ठेवलंय यंत्र?"

"टिळेकरसाहेबांच्या केबिनात. एसी हाय तिथं. बाहेर ठेवलं तर हवेनं खराब होते ना!"

दीड महिन्यानं मला पाळी आली. बरीच उशिरा आली, आणि आली तेव्हा दोन दिवस मी कंबर धरून भिंतीकडे तोंड करून पडून होते. ठमाबायनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

"जाऊं दे," ती म्हणाली. "पयलं आमच्यात टिकत नाय." सुकत घातलेली मासळी अवचित पावसात भिजली तर म्हणावं, तशा आवाजात.

मला त्या दुखण्यातही हसू आलं. तिसऱ्या दिवशी दिवस जाणारं हे गाव, त्यांचं काय खरं धरायचं? जे नव्हतंच ते गेलं म्हणे! संध्याकाळी यमुना आली आणि उशाशी बसली. तिशीतली बाई, नवरा भला, घरात सगळं होतं, मूल नव्हतं. "माजी तीन गेली," ती हळूच म्हणाली. मी मनात म्हटलं, या साध्याभोळ्या बाईला पित्तानं तीनदा फसवलं. मी तिचा हात हातात घेतला, पण आतून मी तिची गंमतच बघत होते.

नवलाची गोष्ट अशी की तोवर वास गेला होता. उलट्याही थांबल्या. मी मोरेश्वरला म्हटलं, कंपनीनं काहीतरी केलं वाटतं. तो खूश झाला. गौरीगणपतीला आई मला माहेरी घेऊन गेली आणि पितृपंधरवडा उरकेपर्यंत तिनं मला ठेवून घेतलं. तिथं पाळी चुकली. पेणच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. या खेपेस खरंच दिवस गेले होते. मी कुठं राहते, कशाजवळ राहते, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि चष्मा वगैरे काही न देता एवढंच म्हणाल्या, "तिथं राहू नकोस. पोटात बाळ आहे तोवर तरी त्या हवेत राहू नकोस."

मोरेश्वर मला न्यायला आला. खिंड ओलांडून एसटी तळखारच्या उतारावर लागली आणि तोच वास फाडकन तोंडावर आला. पहिल्या दिवशीचा. तसाच. मी पदर नाकाला लावला, आणि शेजारी मोरेश्वर खिडकीतून डोकं बाहेर काढून छान वाऱ्यावर बसला होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वास कधी थांबलाच नव्हता. थांबलं होतं माझं नाक.

घरी पाऊल टाकताच मी ठमाबायला सगळं सांगितलं. वासाचं, नाकाचं, डॉक्टरीणबाईचं. मला लगेच माहेरी पाठवा म्हणाले. बोलता बोलता मी केळीकडे धावले आणि ओकले.

"आता परत?" ठमाबाय कंटाळून म्हणाली. "एकदा झाली ना नाटकं!"

"आय, या टायमाला खरंच हाय. डॉक्टरनी सांगितलं."

"डॉक्टरला काय कळते? टिकलं तर खरं." मग ती जरा नरमली. "हे बघ दमयंती, सातव्याला वटी भरून तुना वाजतगाजत धाडीन. तिसऱ्या महिन्यात गेलीस तर लोक म्हनतील, ठमाबायनं सून हाकलली. आन् कंपनी मोरूला कायम करनार हाय. त्याचीच बायको वास येते म्हनून पलून गेली, तर टिळेकर काय म्हनंल?"

"आन् वास असला तर?"

"कोनाला येते? सगल्या गावाला नाय येत, तुज्या एकटीच्या नाकाला काय सोन्याचं पानी दिलंय?"

ठमाबाय खाष्ट होती, पण खोटी नव्हती. पहाटे टोपली डोक्यावर घेऊन तालुक्याच्या बाजारात मासळी विकायला जायची, आणि तिच्या शब्दावर गिऱ्हाईक डोळे मिटून मासळी घ्यायचं. म्हणून मी तिला शब्दात पकडलं. त्या दिवसांत सरकारी साहेबांची जाहीर सुनावणी होणार होती. शेजारच्या कुठल्याशा गावानं अर्ज केला होता, गॅसच्या विहिरींचा वास येतो म्हणून, आणि साहेब तळखारात येऊन गावाला विचारणार होते.

"साहेबानं लिवून दिलं, वास हाय म्हनून, तर?"

ठमाबायनं छातीवर हात ठेवला. "तर त्याच दिशी मी सोता तुना म्हायेरी पोचवीन. कायम गेलं खड्ड्यात."

झालं, आता सगळं माझ्या नाकावर आलं. सुनावणीच्या दिवशी भर मंडपात उभं राहून सांगायचं: येतो वास, आत्ता येतोय, असा येतोय. पण त्या दिवसापर्यंत नाक जिवंत राहायला हवं होतं. सुनावणी आठवड्यावर होती. मी निश्चिंत होते.

सुनावणी पुढं ढकलली. साहेब दौऱ्यावर गेले होते. पुन्हा तारीख पडली, पुन्हा ढकलली, कारण मंडपवाल्याकडे लग्नाची ऑर्डर होती. मग कुठलीतरी निवडणूक लागली. साहेबांची तारीख आणि माझं नाक यांची शर्यतच लागली म्हणा ना. रोज सकाळी मी मागच्या दारात उभी राहायची आणि कुत्र्यासारखं हुंगायची. आज आहे. आज आहे, पण कमी. वास यावा म्हणून देवाला साकडं घालणारी त्या गावातली मी पहिलीच बाई असेन. दिवसभर तोंडाला ओला पंचा बांधून घरात बसायची, वारा उलटा असला की धक्क्याच्या टोकाला जाऊन बसायची. बायका म्हणायच्या, ठमाबायची सून जरा सरकली हाय. पोटात बाळ वाढत होतं आणि मी नाक सांभाळत होते.

शेवटी एकदाचे साहेब आले. शाळेपुढं मंडप, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, कंपनीतर्फे सर्वांना समोसे. साहेब जीपमधून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. घडी घातलेला, इस्त्रीचा, निळ्या काठाचा रुमाल. स्टेजवर बसले तरी तो खाली आला नाही. टिळेकरसाहेबांनी गुच्छ दिला, तो त्यांनी दुसऱ्या हातानं घेतला.

"ग्रामस्थहो," रुमालाआडून ते म्हणाले, "परिसरात दुर्गंधी येते का? निर्भयपणे सांगा."

"नाय!" गाव एका आवाजात म्हणाला. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी घाबरवलं नव्हतं. खरं तेच सांगितलं गावानं.

"कोणाचीही तक्रार नाही?"

मी उभी राहिले. सगळ्या माना वळल्या. पुरुषांमध्ये बसलेला मोरेश्वर जमिनीकडे बघायला लागला. ठमाबाय माझ्या शेजारीच होती, माझ्याकडे टक लावून.

"साहेब," मी म्हणाले, "माझी हाय." आणि सांगण्याआधी खात्री करावी म्हणून मी खोल श्वास घेतला.

काहीच नव्हतं.

मी पुन्हा श्वास घेतला. समोशाचाही वास येईना. शेजारणीच्या डोक्यातल्या अबोली-मोगऱ्याच्या गजऱ्याचाही नाही. कंपनीची चूल समोर भगभगत होती, साहेबांच्या नाकावर रुमाल होता, आणि माझ्यासाठी तळखारची हवा गंगेसारखी निर्मळ झाली होती. खोटं बोलावं असं मनात आलं नाही असं नाही. पण ठमाबाय माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्यापुढं खोटं कधी कुणाचं टिकलं नव्हतं.

"बोला बाई. येतो का वास?"

"काल येत होता," मी म्हणाले. "आज... आज नाय येत."

टिळेकरसाहेब टुणकन उठले. "पाहा! काल होता, आज नाही. याला म्हणतात सुधारणा!" त्यांनी टाळी वाजवली, मग सगळ्या मंडपानं वाजवली. मी खाली बसले आणि मला रडू कोसळलं. ठमाबायनं नजर फिरवली. हरलेल्या माणसाकडे बघू नये, एवढी रीत तिला होती.

तेवढ्यात मंडपाबाहेर कुणीतरी मोठ्यानं ओकल्याचा आवाज आला. साहेबांचा ड्रायव्हर होता. चांगला दांडगा, मिशाळ गडी, जीपच्या बॉनेटला धरून वाकला होता आणि आतडी बाहेर पडतील असं ओकत होता. एकदा, दोनदा, पुन्हा.

ठमाबायची जीभ कधी गप्प राहिली आहे? ती ओरडली, "अगो बाय! ह्याला पन दिस गेलं वाटते!"

मंडप हसून हसून लोळायला लागला. म्हाताऱ्यांना ठसके लागले, टिळेकरसाहेबही पोट धरून हसले. सगळं गाव हसत होतं, आणि मधोमध यमुना उठून उभी राहिली. ती हसत नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "ह्याला काय झालं?"

"काही नाही हो," साहेब वैतागून म्हणाले. ड्रायव्हरकडे बघत, बोलण्याच्या नादात. "सवय नाही त्याला. वासानं मळमळलं असेल."

हसणं एकदम थांबलं नाही. पुढून मागं हळूहळू विझत गेलं. ज्या बायका या गावात येऊन ओकल्या होत्या, म्हणजे सगळ्याच, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"म्हंजे आमाला पन वासानंच झालं?" यमुना म्हणाली. "पन मंग महिना चुकला तो? रगत गेलं ते? साहेब, माजी तीन गेली. तेवड्यातली वासाची किती आन् खरी किती?"

साहेबांनी टिळेकरांकडे पाहिलं. टिळेकरांनी वेलदोडा चावला.

"हे बघा बाई," साहेब शेवटी म्हणाले, "आजच्या सुनावणीचा विषय फक्त वास हा आहे. तुमचा मुद्दा विषयात बसत नाही." आणि शेजारच्या कारकुनाला त्यांनी मजकूर सांगितला. रुमाल तसाच होता, त्यामुळे त्यांना तो दोनदा सांगावा लागला: "ग्रामस्थांची वासाबाबत कोणतीही तक्रार नाही."

यमुना उभीच होती. तिला बसायला कुणी सांगितलं नाही, आणि आपणहून बसण्याचं तिला भान नव्हतं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. ठमाबाय होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिच्या घरात आधी काय काय झालं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. मोरेश्वर पोटात होता तेव्हा गावात कंपनी नव्हती. पण कंपनी आल्यावर तिच्या थोरल्या मुलीचं मूल दोनदा इथंच, ती बाळंतपणाला आली असताना, गेलं होतं आणि त्या मुलीनं मग माहेरी येणंच सोडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ती साहेबांकडे नाही, उभ्या राहिलेल्या यमुनाकडे बघतेय.

"ऊठ," ती म्हणाली.

"पन साहेबानं तर लिवलं, वास नाय..."

"लिवू दे त्याला. ऊठ तू."

तिनं मला ओढत जीपपर्यंत नेलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मोरेश्वर धावत आला. "आय, टिळेकरसाहेब बघतान..."

"बघू दे. चष्मा हाय ना त्याला?"

साहेब घाईघाईनं येत होते. "अहो, ही सरकारी गाडी आहे!"

"तुमचा डायवर वाटंत परत वकला तर त्याच्या पाठीवर हात कोन फिरवील? तुमचा एक हात तर रुमालाला," ठमाबाय म्हणाली. "हिला पेणला सोडा." साहेबांना वाद घालण्यापेक्षा गाव सोडायची घाई होती. ते मुकाट्यानं मागं बसले. ठमाबायनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "सातव्याची वटी थितंच येऊन भरीन. कपडे मागनं धाडते. जा."

पुढचं सगळं नीट झालं. मुलगी झाली, धडधाकट झाली, आज ती दोन मुलांची आई आहे. मोरेश्वर कायम झाला नाही, आम्ही पेणलाच राहिलो. तळखारात अजून लग्नं होतात आणि अजून साखर वाटतात, पण म्हणे आता जरा कमी वाटतात.

त्या दिवशी जीप खिंडीतून पलीकडे उतरली तसा ड्रायव्हर माणसात आला. त्यानं खिडकीची काच पूर्ण खाली केली, दोन-तीनदा छाती भरून श्वास घेतला. मागं साहेब रुमाल खिशात घालून झोपी गेले होते. ड्रायव्हर भला माणूस होता. खड्डा आला की गाडी हळू करत होता.

"ताई," त्यानं विचारलं, "पहिलीच खेप का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. मग मला ते दोन दिवस आठवले. उशिरा आलेली पाळी, भिंतीकडे तोंड करून, कंबर धरून काढलेले ते दोन दिवस. जे नव्हतंच ते गेलं म्हणून मी मनातल्या मनात हसले होते.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मी लाजले असं वाटून तो हसला आणि त्यानं पुढच्या उतारावर गाडी सावकाश घेतली.